एकच 'एल', दोन मापे

आज दुकानात आलेल्या नव्या मालातले दोन कुर्ते मी टेबलावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजले. दोन्हींवर 'एल'चेच लेबल होते, पण दुप्पट केल्यावर एकाची छाती ४० इंच भरली, तर दुसऱ्याची ४२. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरील दुकानात येणाऱ्या ताई कुर्ता अंगाला लावून तरी पाहतात. गडहिंग्लजहून मोबाइलवर मागवणाऱ्या ताईंना मात्र त्या एका अक्षरावरच विसंबावे लागते, आणि माप चुकले की मनस्ताप त्यांना आणि दुकानदाराला, दोघांनाही होतो. भारतीय शरीरयष्टीनुसार मापे ठरवण्यासाठी निफ्टने (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने) 'इंडियासाइज' ही पाहणी हाती घेतली, हे मला फार मोलाचे वाटते. अशी मापे बाजारात रुळेपर्यंत विक्रेत्यांनी फोटोखाली तयार कुर्त्याची छाती, कंबर आणि उंची इंचांत लिहावी, आणि सुती कापड धुतल्यावर आटणार असेल तर तेही स्पष्ट सांगावे.