पाँटिप्रीदचा पूल आणि त्यातल्या सहा पोकळ्या

दक्षिण वेल्समधील पाँटिप्रीद येथे टॅफ नदीवर १७५६ साली पूर्ण झालेला एक दगडी पूल आहे. पात्रात एकही खांब न रोवता तो सुमारे १४० फुटांचे, म्हणजे जवळपास ४३ मीटरांचे अंतर एकाच कमानीत ओलांडतो, आणि त्या काळी ब्रिटनमध्ये एवढ्या लांबीची दुसरी कमान नव्हती. तरीही मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या कमानीच्या दोन्ही खांद्यांत, म्हणजे माथ्याच्या दोन्ही बाजूंच्या भागांत, आरपार ठेवलेल्या तीन-तीन गोल पोकळ्या. त्या शोभेसाठी आहेत असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः त्यांच्यावाचून हा पूल उभाच राहिला नसता.

विल्यम एडवर्ड्स हा स्वतःच्या बळावर गवंडीकाम शिकलेला धर्मोपदेशक. १७४६ साली त्याने ५०० पौंडांत पूल बांधून देण्याचा आणि पुढे सात वर्षे तो टिकवण्याचा करार केला. पात्रात खांब उभारून बांधलेला त्याचा पहिला पूल पुराने नेला, कारण डोंगरातून वाहत आलेली झाडेझुडपे खांबांना अडकली आणि तुंबलेल्या पाण्याचा रेटा त्यांना सोसवला नाही. करारानुसार पुन्हा बांधणे भाग होते, म्हणून त्याने खांबच टाळून एका कमानीचा मार्ग धरला, पण तोही सहजासहजी साधला नाही.

कमान उभी राहते ती दगडांनी एकमेकांना दिलेल्या दाबावर, आणि हा दाब कमानीच्या जाडीच्या आतूनच काठापर्यंत उतरावा लागतो. एडवर्ड्सच्या कमानीचे खांदे भरीव दगडकामाने फार जड झाले होते, तर माथा त्यामानाने हलका होता. परिणामी बाजू खाली दबल्या, माथ्याचे दगड वर उचलले गेले आणि कमान कोसळली. यावर माथ्याचे वजन वाढवत बसण्याऐवजी त्याने खांद्यांतलेच दगड कमी केले, काठाकडून माथ्याकडे लहान होत जाणाऱ्या पोकळ्या ठेवल्या आणि भार समतोल केला. गणिताचे औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसाने कोसळलेल्या बांधकामाचे कारण इतके अचूक ओळखावे, याचे मला अपार कौतुक वाटते.

वाहतुकीसाठी मात्र हा पूल सोयीचा नव्हता. चढ इतका तीव्र होता की उतरणाऱ्या गाड्यांना आवर घालण्यासाठी साखळ्या वापराव्या लागत. अखेर १८५७ साली त्याच्या अगदी लगत दुसरा, सपाट पूल बांधण्यात आला. ती गरज मान्य करूनही, त्यामुळे एका बाजूने मूळ कमानीचे दर्शन झाकले गेले, हे मला अजूनही खटकते.