अंगणातलं इंजिन

नावेचं डिझेल इंजिन दुरुस्तीला खोललेलं असतं तोवर घरात शांतता असते. गोणपाटावर पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, नटबोल्टांच्या वाट्या मांडलेल्या असतात. जाणारा-येणारा वाकून बघतो आणि मान हलवून पुढं जातो. सुट्या भागांबद्दल कुणालाच मत नसतं. तेच सगळं जोडून, रंग मारून, पिंपाचं पाणी लावून हॅण्डल फिरवलं आणि इंजिन गप्प बसलं, की सगळ्या गल्लीला मत फुटतं.

जुनं इंजिन बंद पडलं तर फारशी चौकशी होत नाही. झिजलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. नव्यानं बांधलेल्या इंजिनाला ही सवलत नाही. त्यावर पैसे पडलेले असतात, खिशात पावत्या असतात, त्यामुळं दोषी कुणीतरी हवाच असतो. लेथवाला, रिंगा, नोझल, शेवटी मेस्त्री. या यादीत सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात वर असते, हे मी आमच्या अंगणात बघून ठेवलंय. दोष बहुतेक वेळा जिथं एक रुपयाही खर्च झालेला नाही तिथं निघतो.

आमचं गाव दूधगंगेच्या काठचं, बेळगाव जिल्ह्याच्या सदलगा-बोरगाव पट्ट्यातलं, कर्नाटकात पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. खाली कल्लोळजवळ ही नदी कृष्णेला मिळते. पावसाळ्यात कृष्णेला फुगवटा आला की या भागातल्या नद्यांवरचे बसके बंधारे-पूल एकामागून एक पाण्याखाली जातात. कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड ही नावं दर जुलैत पेपरात येतात. ज्याचं रान पलीकडं, त्याची वैरणही पलीकडंच राहते. पूर्वी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं नदी ओलांडायची. आता काकांसारख्या काहींकडं इंजिनाची नाव आहे. पाणी चढलं की सरकारी हुकमानं ती काठाला बांधायची असते, पण चढण्याआधीचे आणि उतरल्यानंतरचे दिवस तिच्यावरच निघतात. म्हणून इंजिनाचं काम उन्हाळ्यात. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघायच्या आत ते नावेत बसलं पाहिजे.

नावेचं इंजिन म्हटल्यावर शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं काहीतरी चकचकीत येतं. आमच्या नावेत शेतातलंच इंजिन आहे. एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं, मिनिटाला दीड हजार फेऱ्यांचं डिझेल इंजिन. आधी ते विहिरीवर पंप ओढायचं. वीज आल्यावर रिकामं झालं आणि नदीत उतरलं. या भागातल्या माणसाला अशा इंजिनाची भीती वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली जन्मले ते याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. त्यांचं सायकलचं दुकान बेळगावात होतं आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. आजही तिथल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांमध्ये बेळगावचं ओतकाम चालतंच. आम्हाला मात्र बेळगाव लांब पडतं. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), रिंगा, बेअरिंग आणायला माणूस इचलकरंजी नाहीतर कोल्हापूर गाठतो. स्पेअर पार्टला राज्य नसतं, भाव असतो.

तर इंजिन जोडून झालं. काकांनी डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब मोकळा सोडणारा, खटका वर केला, दोघांनी मिळून हॅण्डल मारलं, वेग आल्यावर खटका सोडला. फुस्स. परत तेच. लगेच ओट्यावरून निदान आलं, ‘‘रिंगा उलट्या बसल्यात.’’ दुसरा म्हणाला बोअर ढिला झालाय. शेजारचे आजोबा कानडीत ‘‘एनायतु?’’ (काय झालं?) म्हणत आले आणि कुणी उत्तर द्यायच्या आधीच खाली बसून टाकीत डोकावले. मला वाटतं, त्या दिवशी नेमकी जागा बघणारे तेवढेच होते.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. आत ओढलेली हवा सोळा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. म्हणजे प्रश्न दोनच. दाब होतोय का, आणि फवारा वेळेवर पडतोय का? दाब हॅण्डलवरच कळतो. खटका सोडल्यावर फ्लायव्हील हाताला झटका देऊन उलटं ढकलत असेल तर रिंगांची बदनामी थांबवावी. फवाऱ्याची गोष्ट वेगळी. नोझल उघडायला चौरस सेंटीमीटरला साधारण दोनशे किलोचा दाब लागतो, आणि नळीत हवेचा एक बुडबुडा असला तरी पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो. हवा दबते, परत फुगते, डिझेल जागचं हलत नाही. टाकी, फिल्टर, पंप सगळं खोलून जोडल्यावर नळ्यांत हवा असणारच. ‘एअर धरलीय’ म्हणतात ती हीच.

मेस्त्री आले, त्यांनी कुणाचंच ऐकून घेतलं नाही. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, मग पंपावरचा, शेवटी नोझलकडची नळी. प्रत्येक ठिकाणी आधी फेस आला, मग सलग डिझेल, मग पाना आवळला. हॅण्डल मारताच इंजिन असं दणकलं की पडवीतल्या कोंबड्या परड्यात गेल्या. पांढरा धूर आला तर काकी दारातून ओरडल्या, ‘‘आत पाणी शिरलंय बघा!’’ मेस्त्रींनी धुरात तोंड घातलं, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘‘डोळ्याला झोंबतंय न्हवं, मग पाणी न्हाई वहिनी, कच्चं डिझेल हाय. गरम झालं की जाईल.’’ वाफ झोंबत नाही. ही परीक्षा मला फार आवडली. कुठलंही यंत्र लागत नाही, फक्त थोडं रडायची तयारी लागते.

खरी गंमत पुढं. इंजिन गोडीत चालायचं आणि थोड्या वेळानं काहीही न बोलता मरायचं. धूर नाही, खडखड नाही, दिवा मालवल्यासारखं. थोडं थांबून हॅण्डल मारलं की परत सुरू. ओट्यावर आता पंपाला शिव्या पडायला लागल्या, कारण पंप नवा आणि महाग. पण मरताना इंजिन काय करतं ते बघायला हवं. काळा धूर ओकत बसलं तर डिझेल पोचतंय, जळत नाही किंवा ओझं जास्त झालंय. धूर न सोडता मेलं तर उपाशी मेलं. मेस्त्रींनी इंजिन बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा जाताना स्पष्ट आवाज आला. झाकणाला टाचणीएवढं भोक असतं, डिझेल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी म्हणून. आमच्या पुतण्यानं इंजिनाला हिरवा रंग दिला होता, मन लावून, झाकणासकट. मुलगा चांगला आहे, दोन हात दिले होते रंगाचे. नव्या पंपाची अब्रू एका सुईनं वाचली.

एवढ्यावर भागलं असतं, पण निळा धूर राहिलाच. पातळ, पण सारखा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, हे आता लहान पोरांनाही माहीत आहे. काकांचं म्हणणं, नवीन बोअर आहे, त्याला त्रास नको, हळूहळू चालू द्या. म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ इंजिन अंगणात मंद लयीत, कुठलंही काम न करता, बाळंतिणीसारखं सांभाळलं जात होतं. धूर काही हटेना.

मेस्त्रींनी हे ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. रिंग काही स्वतःच्या ताणावरच लायनरला चिकटत नाही, तिला मागून गॅसचा दाब ढकलतो. ओझं नसेल तर दाब कमी, दाब कमी तर रिंग ढिली, आणि ढिल्या रिंगेजवळून गेलेलं ऑइल लायनरवर भाजून काचेसारखं गुळगुळीत होतं. होनिंग करून मुद्दाम काढलेल्या बारीक रेघाच त्यात बुजतात. मग ती रिंग जन्मात बसत नाही. ‘‘आण्णा, इंजिनाला काम द्या की,’’ ते काकांना म्हणाले, ‘‘नुसतं बसवून ठेवल्यावर माणूस तरी सुधारतंय व्हय?’’

घरात ओझं आणायचं कुठून? नावेत पंखा असतो, आणि पंख्याचा हिशेब कडक असतो. वेग निम्मा केला तर त्याला लागणारी ताकद आठव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच नदीतसुद्धा हळूहळू नाव फिरवली असती तर फार काही साधलं नसतं, आणि अंगणात पोरांच्या टाळ्या घेणारं इंजिन भरल्या नावेला पुरं पडेल असंही नाही. शेवटी ते बैलगाडीतून मागच्या विहिरीवर नेलं, जुन्या पंपाला पट्टा जोडला आणि आधी अर्ध्या, मग पुऱ्या ओझ्यावर चालवलं. सुरुवातीला आवाज जड झाला, एक्झॉस्टमधून काळ्या धुराचा भपका आला आणि काकांचा चेहरा उतरला. वेग सांभाळणारा गव्हर्नर सावरला, धूर विरळ झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निळी झाक शोधून बघावी लागत होती.

मग पहिलं ऑइल काढलं. काळं, उन्हात धरलं तर बारीक चमचम दिसणारं. नव्या रिंगा घासून बसल्याची ती खूण, घाबरायचं कारण नाही, पण ते आत ठेवायचंही नाही. हेडचे नट परत आवळले, कारण गॅस्केट एकदा तापून बसतं. व्हॉल्व्हवरच्या टॅपेटची फट गेजनं तपासली. ऑइल बदलून परत पट्टा जोडला.

तोवर आमच्या उसाच्या सऱ्या तुडुंब भरून पाणी बांधावरून पलीकडं उतरलं होतं. पलीकडचं रान चुलतभावाचं. भांडायला येतोय असं वाटून काका बांधावर उभे राहिले, तर तो फावडं टेकवून म्हणाला, ‘‘काका, रिंगा अजून बसल्या नसतील नीट. माझा खोडवा वाळूलाय, दोन दिवस इंजिन तिकडं लावा की.’’

काका म्हणाले, डिझेल तुझं.