दोन्ही निदानं एकाच फाईलवर येईपर्यंत

आरएचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं, निदान सरळ झालं. सकाळी बोटं आखडायची, मनगटं सुजायची. तपासण्या झाल्या, मेथोट्रेक्सेट सुरू झालं, सूज उतरली. अडले ते पुढे काही वर्षांनी.

उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टा, तोंडात टाळूला न दुखणारे व्रण, केसांचे पुंजके हातात. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले, "आरएमध्ये एएनए येतो पॉझिटिव्ह, त्याचं काही नाही." दुसरीकडे गेले, तर तिथे जुनं निदानच खोडलं आणि ल्युपस सांगितला, म्हणजे प्रतिकारशक्ती त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार. "हा ल्युपस. ल्युपसमध्येही आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असू शकतो." दोघंही चुकीचं बोलत नव्हते, पण दोघांनी अर्धेच रिपोर्ट वाचले होते. माझी अँटी-सीसीपी (आरएकडे बोट दाखवणारी रक्तचाचणी) भरपूर वाढलेली होती आणि एक्स-रेत बोटांच्या सांध्यांची हाडं झिजलेली दिसत होती. ल्युपसने सांधे दुखतात, बोटं वाकडीही होतात, पण हाड सहसा असं खात नाही. उलट ल्युपसकडे बोट दाखवणारी डीएस-डीएनए प्रतिपिंडं चढलेली आणि सी३, सी४ ही रक्तातली प्रथिनं उतरलेली, हे नुसत्या आरएत बसत नव्हतं. मी विचारायची, "दोन्ही असू शकतात का?" उत्तर यायचं, "एकाच आजाराने सगळं समजतं का ते आधी बघू." आणि पुढची तारीख.

त्या "बघू"चा राग अजून गेलेला नाही. मधल्या काळात सांध्यांसाठी टीएनएफ (सूज वाढवणारं शरीरातलं प्रथिन) रोखणारं इंजेक्शन सुचवलं गेलं होतं. त्या गटातल्या औषधांनी ल्युपससारखा आजार उद्भवू शकतो, म्हणजे ल्युपस आहे की नाही हे आधी ठरायलाच हवं होतं.

शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी जुने-नवे सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले, माझे हात दाबून पाहिले आणि फाईलवर लिहिलं: आरए आणि ल्युपस, दोन्ही. याला ऱ्हुपस म्हणतात, हा दुर्मिळ आहे, बहुतेकांना आधी आरए होतो आणि ल्युपस मागून येतो, हेही नीट समजावलं. बाहेर येऊन मी रडले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तुमचंही असं अडलं असेल, तर चट्टा उठला की लगेच फोटो काढा; भेटीच्या दिवशी तो गेलेला असतो. हातांबरोबर पायांचाही एक्स-रे मागा. तो स्वच्छ आला तरी सोनोग्राफीत झीज लवकर दिसू शकते. ल्युपससाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध सुरू झालं असेल तर डोळ्यांचा पडदा सुरुवातीलाच तपासून घ्या आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. हो, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नाही. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

लघवीतल्या प्रथिनांची तपासणी मात्र सांधे शांत असले तरी चुकवू नका. ल्युपस मूत्रपिंडात शिरला तर सुरुवातीला काहीच दुखत नाही.