उघडिपीत झोपणारी पॉवर बँक आणि ५५५ चा चकवा

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीत बसवलेल्या माझ्या पर्जन्यमापकाची पॉवर बँक आता उघडिपीतही बंद पडत नाही, ही बातमी आधी सांगून टाकतो. मात्र तिथवर पोहोचण्याआधी ५५५ या आठ पायांच्या टायमर चिपने जो चकवा दिला, त्यानेच या नोंदीची बहुतेक जागा व्यापली आहे.

मूळ अडचण मागच्या नोंदींतलीच आहे. पावसाच्या पाण्याने मापकातली छोटी बादली भरून उलटली की रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच) ईएसपी-८२६६ या वाय-फाय मायक्रोकंट्रोलरला रिसेट करतो, तो जागा होऊन आकडा एकने वाढवतो आणि पुन्हा डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, जातो. पाऊस कोसळत असतो तोवर हे जागे होणे इतके वारंवार घडते की बँकेला भार दिसत राहतो. उघडीप पडली की मात्र सगळी मागणी एका मिलिअँपिअरच्याही खाली येते, बँकेतील आयपी-५३०६ ही नियंत्रक चिप सुमारे ४५ मिलिअँपिअरच्या खालचा भार म्हणजे फोन चार्ज झाला असे धरून चालते आणि ३२ सेकंदांनी पाच व्होल्ट तोडते. त्यानंतरच्या सरींची मोजणी तर बुडतेच, शिवाय वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या आरटीसी मेमरीतील आधीची बेरीजही पुसली जाते.

बँक उघडून तिच्या बटणाच्या पिनवर ठरावीक वेळाने पल्स देण्याची सूचना काहींनी केली होती, आणि ती चुकीची नाही. ३० मिलिसेकंदांहून अधिक व दोन सेकंदांहून कमी असा दाब ही चिप साधा दाब मानते, त्यामुळे वेगळा भार न टाकताही ती जागी ठेवता येते. फक्त एका सेकंदात दोन दाब पडू द्यायचे नाहीत, कारण तो बंद करण्याचा संकेत आहे. परंतु कणकुंबीत बँक बदलण्याचे काम मामा करतात. बाजारातली कोणतीही बँक आणून परड्यातल्या डब्यात खोचली की काम चालू व्हावे, ही माझी पहिली अट आहे, म्हणून बँकेला सोल्डरिंग गन लावायची नाही.

त्यामुळे बाहेरून खोटा भार देणारे सर्किटच बनवले. १०० ओहमचे पाव वॅटचे दोन रेझिस्टर समांतर, त्यांना चालू-बंद करणारा एओ-३४०१ हा पी-चॅनेल मॉसफेट (गेटचे व्होल्टेज खाली आले की चालू आणि पुरवठ्याइतके वर गेले की बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि मॉसफेटच्या गेटवर ५५५ ची तीन नंबरची, म्हणजे आउटपुटची, पिन. वेळेसाठी १.५ मेगाओहम व ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हिशेबाने सुमारे ११ सेकंद विश्रांती आणि जेमतेम अर्धा सेकंद ९६ मिलिअँपिअरच्या आसपास भार, म्हणजे सरासरी चारच मिलिअँपिअर. कपॅसिटर मुद्दाम सिरॅमिक घेतला. १.५ मेगाओहममधून शेवटी शेवटी एक मायक्रोअँपिअरच्या आसपासच प्रवाह वाहतो, आणि स्वस्त इलेक्ट्रोलिटिकची गळती त्याहून जास्त असू शकते. तसे झाले तर तो कधी भरतच नाही आणि टायमर जागच्या जागी गोठतो. सिरॅमिकची क्षमता व्होल्टेज चढल्यावर थोडी घटते, म्हणून प्रत्यक्षात वेळ नऊ सेकंदांच्या आसपास आला, पण ३२ च्या मर्यादेपुढे तो भरपूर आहे.

सर्किट जोडले आणि बँक रात्रभर सुरू राहिली. आनंद टिकला तो चार्जचे दिवे पाहीपर्यंत. एवढ्या किरकोळ भाराला उतरायला नको होती इतकी बँक उतरली होती, आणि दोन्ही रेझिस्टर हाताला स्पष्ट गरम लागत होते. बँक जागी राहिली होती ती पल्समुळे नव्हे, तर भार कधी सुटतच नव्हता म्हणून!

यूएसबी मीटरने येथे काहीच मदत केली नाही. त्याचा आकडा इतक्या सावकाश बदलतो की अर्ध्या सेकंदाची पल्स त्यात हरवते, शिवाय तो स्वतःच थोडा प्रवाह खातो. असल्या कामाला जुना काट्याचा मल्टिमीटरच खरा, कारण काटा उडी मारतो तेव्हा ती डोळ्यांना दिसते. माझा काटा उडी मारून खाली येत होता, पण शून्यावर येत नव्हता.

मग तीन नंबरची पिन मोजली. तिने पाच व्होल्टपर्यंत जायला हवे होते, पण ती ३.७ च्या आसपास अडकत होती. ५५५ दोन जातींची असते: कमी वीज खाणाऱ्या सीमॉस ५५५ ची पिन जवळजवळ पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत चढते, तर जुन्या बायपोलर एनई-५५५ ची व्होल्टभर किंवा त्याहून जास्त खाली राहते. एओ-३४०१ हा गेट आणि पुरवठा यांत एक व्होल्टच्या आसपास फरक पडला की चालू होऊ लागतो, म्हणजे १.३ व्होल्टच्या फरकाने तो अर्धवट चालूच राहणार. भार काढून नुसती चिप मोजली तेव्हा ती सुमारे तीन मिलिअँपिअर घेत होती. अस्सल सीमॉस चिपला पाच व्होल्टवर याचा दहावा हिस्साही लागत नाही. वर छापलेले नाव टीएलसी-५५५, म्हणजे सीमॉसचे, आणि आत जुनी बायपोलर, असा हा ऑनलाइन आलेला माल होता. दहा रुपये वाचवण्यासाठी असल्या विक्रेत्याकडे जाण्यापेक्षा बेंगळूरच्या एस. पी. रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून कुणाकडून तरी मागवणे मला बरे वाटते. निदान तिथे चिप हातात घेऊन दुकानदाराशी हुज्जत घालता येते.

नवी चिप येईपर्यंत थांबण्याची गरज मात्र पडली नाही. तीन नंबरच्या पिनपासून पाच व्होल्टला दहा किलोओहमचा एक रेझिस्टर जोडला, त्याने पिन उरलेले अंतर वर ओढली गेली आणि मॉसफेट पूर्ण बंद झाला. काटा शून्याजवळ टेकून बसतो, दर नऊ सेकंदांनी उडी मारतो आणि परत टेकतो. हे मी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ पाहत बसलो होतो.

तरीही चिपचे तीन आणि पल्सचे चार मिलिअँपिअर मिळून दिवसाला सुमारे १७० मिलिअँपिअर-तास नुसत्या जागरणाला जातात. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची बँक पाच व्होल्टवर साडेसहा हजारांच्या आतबाहेरच देते, हे धरले तर ही उधळपट्टी आहे.

हे लिहिता लिहिताच वाटू लागले आहे की ५५५ बाजूला ठेवून अ‍ॅटटायनी-८५ हा छोटा मायक्रोकंट्रोलर घ्यावा. त्याला झोपेतून उठवणारा वॉचडॉग टायमर जास्तीत जास्त आठ सेकंदांचा आहे, म्हणून दोन डुलक्यांनंतर, म्हणजे १६ सेकंदांनी, पाव सेकंदाची पल्स द्यायची. सरासरी दीड मिलिअँपिअरवर येते. तीन डुलक्याही ३२ च्या आत बसतात, पण वॉचडॉगचे घड्याळ अचूक नसते आणि सगळ्या बँकांत आयपी-५३०६ असेलच असे नाही. शिवाय मध्येच सुचले ते असे की रीड स्विचही त्यालाच जोडता येईल. मग बादली उलटल्याची मोजणी पिन-चेंज इंटरप्टवर (पिनवरचे व्होल्टेज बदलताच जागा होऊन) तोच करील, बेरीज ईईप्रॉममध्ये ठेवील आणि ईएसपीला केवळ आकडा पाठवायच्या वेळी उठवील. म्हणजे बँक दगावली तरी बेरीज बुडणार नाही.

आर्द्रा लागण्याआधी डबा कणकुंबीला पोहोचायला हवा, म्हणून सध्या ५५५ चेच सर्किट पाठवतो आणि अ‍ॅटटायनी इकडे बेळगावात टेबलावर चालवून पाहतो. पाव सेकंदाची पल्स बँक ओळखते की तिला अर्धा सेकंदच लागतो, याची चाचणी सर्वात आधी घेणार आहे.