निनावी फोल्डर

घरात सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर होता, तेव्हाची गोष्ट. फोल्डर लपवायची एक युक्ती मला कुणीतरी शिकवली होती. फोल्डर रिनेम करायला घ्यायचा, ऑल्ट दाबून धरायचं आणि कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर ०१६० टाइप करायचं. नाव गायब! म्हणजे नाव असतं, पण ते नुसतीच एक मोकळी जागा असते. मग प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयकॉन बदलायचा. तिथल्या चित्रांच्या लांबलचक यादीत काही घरं चक्क रिकामी असतात, त्यातलं एक निवडलं की चित्रही गेलं. फोल्डर भर डेस्कटॉपवर, सगळ्यांच्या नाकासमोर, आणि कुणालाच दिसत नाही.

त्यात मी न पाठवायची पत्रं ठेवायचे. मैत्रिणीशी बिनसलं की तिला चार पानी पत्र लिहायचं, सेव्ह करायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्याच शेजारी जाऊन बसायचं.

चारेक दिवसांनी धाकटा भाऊ स्क्रीनकडे बघत म्हणाला, "ताई, इथला एक दात पडलाय." आयकॉनची रांग सरळ, आणि मधेच एक खिंडार. त्यानं माउस त्यावरून ओढला, तर रिकाम्या जागी निळा चौकोन उमटला. डबल क्लिक. मी धावत येईपर्यंत त्याचं एक पत्र वाचून झालं होतं. म्हणाला, "कृतघ्नमधला न बाणातला नसतो."

यातून काहीतरी शिकायला हवं होतं. मी फक्त युक्ती बदलली. प्रॉपर्टीजमध्ये 'हिडन' अशी एक चौकट असते, तिच्यावर टिक केली की फोल्डर दिसेनासा होतो. दुसरीकडे 'हिडन फाइल्स दाखवा' अशीही एक चौकट असते. शोधणारा माणूस पहिल्यांदा तिच्यावरच टिक करतो, हे मला सुचलं नाही आणि भावाला सुचलं.

पुढे कळलं की या लपाछपीच्या एका प्रकाराचा जन्मच मुळी अपघातानं झालाय. युनिक्स नावाची एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिच्या घराण्यात ज्या फाइलचं नाव टिंबानं सुरू होतं ती यादीत दिसत नाही. युनिक्सवर काम केलेले प्रोग्रामर रॉब पाइक यांनी त्याची हकिगत सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असायच्या: एक म्हणजे हाच फोल्डर, दुसरी म्हणजे याच्या वरचा. यादीत त्या नकोत म्हणून कुणीतरी झटपट मार्ग काढला, पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे. त्या सपाट्यात टिंबवाली सगळीच नावं सुटली. म्हणजे कॉम्प्युटर तिथं काही लपवतच नाही, तो नुसता काणाडोळा करतो. आणि काणाडोळा करणाऱ्याला कुणी नीट विचारलं तर तो सगळं सांगतो.

१८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थांनी लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना म्हटलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. माझ्याकडे पद्धतच होती, किल्ली नव्हतीच.

नोकरीत आल्यावर पत्रांची जागा राजीनाम्यांनी घेतली. न पाठवायचेच, पण वर्षाला एक तरी. हा फोल्डर मी 'प्रिंटर ड्रायव्हर जुने' या नावानं ठेवला होता आणि अजूनही माझं मत आहे की याहून सुरक्षित नाव जगात नाही. पण एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून अहवाल उघडायला गेले, आणि अलीकडे उघडलेल्या फाइल्सच्या यादीत सगळ्यात वर झळकलं: 'राजीनामा_अंतिम_खरा'. फोल्डर लपवला होता, पण कॉम्प्युटर आपल्या परीनं रोजनिशी लिहीत असतो. दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग साहेब म्हणाले, "हं, अहवाल." त्या महिन्यात ते माझ्याशी इतके गोड वागले की मला खरंच राजीनामा द्यावासा वाटला.

मग मी तो फोल्डर झिप करून त्याला पासवर्ड लावला. झिपची गंमत अशी की आतला मजकूर बंद होतो, पण फाइलींची नावं पासवर्ड न देताही वाचता येतात. कपाटाला कुलूप, आत काय आहे त्याची यादी दारावर. लॉगिनच्या पासवर्डवरही लोकांची अशीच भाबडी श्रद्धा असते. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि ती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या गुप्त लिपीत बदललेली नसेल, तर आतलं सगळं सरळ वाचता येतं. ते टाळायला विंडोजमधलं बिटलॉकर किंवा मॅकमधलं फाइलव्हॉल्ट असं डिस्क एन्क्रिप्ट करणारं काही चालू करावं लागतं, आणि बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे अडचणीच्या वेळची किल्ली, त्याच कॉम्प्युटरवर ठेवायची नसते. हे सांगायची वेळ का येते, ते विचारू नका.

खरं कुलूप मी आयुष्यात एकदाच लावलं. कॉलेज संपता संपता मैत्रिणीशी कायमचं फाटलं, तेव्हा सगळी जुनी पत्रं ट्रूक्रिप्ट नावाच्या एन्क्रिप्शन प्रणालीच्या एका ५०० एमबीच्या डब्यात, म्हणजे कुलूपबंद फाइलीत घातली. बाहेरून बघितलं तर ती नुसती कचऱ्यासारखी फाइल, आत काय आहे हे तर सोडाच, आत काही आहे की नाही हेही सांगता येत नाही. ट्रूक्रिप्ट तिच्या निनावी निर्मात्यांनी मे २०१४ मध्ये अचानक बंद केली. त्याच कोडमधून निघालेल्या व्हेराक्रिप्टच्या जुन्या आवृत्त्यांत असा डबा उघडतो. पासवर्ड आठवत असेल तर.

मला आठवत नाही. तिचं नाव टाकून बघितलं, नावापुढे वाढदिवस टाकून बघितला, रागाच्या भरात मी तिला काय म्हटलं असतं तेही तीन प्रकारे लिहून बघितलं. दर वेळी तेच थंड उत्तर. आमचं बोलणं आता पुन्हा सुरू झालंय, तिच्या मुलीला मी मावशी आहे. पत्रांत नेमकं काय होतं, हे मात्र मलाही बघायचं होतं.

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला. भाऊ जुन्यातलं सगळं नव्यात भरून देत होता.

"ताई, ही ५०० एमबीची फाइल कसली? कशानंच उघडत नाही."

"राहू दे. कामाची आहे."

त्यानं कॉपी केली. पट्टी हळूहळू भरत होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "न नीट केलास ना गं, बंद करण्याआधी?"