मीटरवरचा आकडा दाखवताय, पण अंतर किती होतं?

लोक ईएमएफ मीटर, म्हणजे विजेच्या वस्तूंचं इलेक्ट्रिक-मॅग्नेटिक फील्ड मोजायचं यंत्र घेतात, मायक्रोवेव्हला नेऊन टेकवतात आणि आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकतात. असे फोटो बघून मला खरंच चीड येते, कारण आकडा किती अंतरावरून घेतला ते नसतं, युनिट पण नीट दिसत नाही, आणि बघणारी बिचारी माणसं उगाच घाबरतात.

मुळात मीटर तीन वेगळ्या गोष्टी मोजतो. एक इलेक्ट्रिक फील्ड, व्होल्ट प्रति मीटरमधे, हे वायरमधे नुसतं व्होल्टेज असलं तरी असतं, म्हणजे दिवा बंद पण वायर लाइव्ह असेल तरी. दुसरं मॅग्नेटिक फील्ड, हे करंट वाहायला लागला की मगच. आणि तिसरं आरएफ, म्हणजे राउटर, मोबाईल वगैरेंच्या रेडिओ लहरी. मॅग्नेटिकचा आकडा काही मीटर मायक्रोटेस्लामधे दाखवतात, काही मिलिगॉसमधे, आणि १ मायक्रोटेस्ला म्हणजे १० मिलिगॉस, त्यामुळे एकाच जागी एकाचा मीटर २ म्हणतो आणि दुसऱ्याचा २०.

आता अंतर. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या तक्त्यात हेअर ड्रायरचं मॅग्नेटिक फील्ड ३ सेंटीमीटरवर ६ ते २००० मायक्रोटेस्ला आहे आणि ३० सेंटीमीटरवर ०.०१ ते ७. मधे फक्त एक वीत-दीड वीत अंतर! मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलमधे करंट गोल फिरतो, समोरासमोरच्या बाजूंना उलट दिशेने, त्यामुळे लांबून त्यांचं फील्ड एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतं, म्हणून अंतर दुप्पट केलं की फील्ड साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. मी तरी मीटर कधी वस्तूला टेकवत नाही, माणूस जिथे बसतो किंवा झोपतो तिथे धरते.

मर्यादेचं सांगायचं तर इक्निर्प या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१० च्या गाइडलाइनमधे ५० हर्ट्झला, म्हणजे आपल्या घरातल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीला, सामान्य लोकांसाठी मॅग्नेटिक फील्डची मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. मग लोक ०.४ मायक्रोटेस्लाला का घाबरतात? तर कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएआरसीने २००२ मधे या फील्डला २बी म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकलं. काही अभ्यासांत घरातली सरासरी ०.३-०.४ च्या वर होती तिथे मुलांमधे ल्युकेमिया थोडा जास्त दिसला होता, पण फील्डमुळेच झाला असं सिद्ध झालेलं नाही. आणि ती दीर्घकाळाची सरासरी आहे, हेअर ड्रायरसमोरची दोन मिनिटं नाहीत. म्हणून मला विचाराल तर घरात सगळ्यात आधी मोजायची जागा म्हणजे उशी.

भावाकडे मोजलं तेव्हा मुलांच्या खोलीत सगळीकडे आकडा अगदी कमी आणि उशाशी मात्र अर्ध्या मायक्रोटेस्लाच्या वर, खोलीत तर काहीच चालू नाही. भिंतीपलीकडे मेन बोर्ड होता. भिंत मॅग्नेटिक फील्डला अडवत नाही, आणि वहिनीने हीटर लावला की आकडा अजून वर जायचा. पलंग समोरच्या भिंतीला नेला, विषय संपला. रेडिएशन अडवतो म्हणून विकतात तसलं कुठलं स्टिकर नाही, कसलं कापड नाही.

मोजताना मीटर हलवू नका, पृथ्वीच्या फील्डमधे नुसता हलवला तरी काही मीटर खोटा आकडा दाखवतात. एकाच दिशेने मोजणारा असेल तर तिन्ही दिशांना फिरवून बघा. इलेक्ट्रिक फील्ड हातात धरून मोजू नका, आपल्या शरीराने ते बदलतं. फोनमधली ॲप्स तर सोडूनच द्या, ती होकायंत्राचा सेन्सर वापरतात आणि मुख्यतः पृथ्वीचं २५ ते ६५ मायक्रोटेस्लाचं स्थिर फील्ड दाखवतात.

राउटरची भीती पण अशीच युनिटमधून येते. मीटर मायक्रोवॅट प्रति चौरस मीटरमधे हजारो दाखवतो म्हणून धडकी भरते. राउटर १०० मिलीवॅटचा धरला आणि सगळीकडे सारखं पसरतंय असं मानलं तर १ मीटरवर ८००० च्या आसपास, ते पण डेटा पाठवत असेल त्या क्षणापुरतं, आणि इक्निर्पची मर्यादा याच युनिटमधे एक कोटी आहे.

उलटा घोटाळा इंडक्शन शेगडीचा. ती २० किलोहर्ट्झच्या वर चालते आणि बऱ्याच स्वस्त मीटरची रेंज २ किलोहर्ट्झलाच संपते, म्हणजे तिथे आकडा कमी आला तरी त्यावरून शेगडीचं फील्ड कमी आहे असं म्हणता येत नाही. मॅन्युअलमधे फ्रिक्वेन्सी रेंज लिहिलेली असते, शेगडीजवळ जायच्या आधी ती बघून घ्या.