पाच गुंठ्यांचं पाणी : मे, तिसरा आठवडा

विहिरीत आज दीड परस (माणसाच्या उंचीच्या दीडपट) पाणी. मार्चअखेरीला तीन होतं. आमचा दुष्काळी माण तालुका म्हटल्यावर यात नवल नाही, पण पाच गुंठे भाजीपाला एवढ्यावरच वळवाच्या पावसापर्यंत न्यायचाय.

मार्चपर्यंत मी पाटाचं पाणी देत होतो. दर चौथ्या दिवशी दारं धरायची. तोंडाकडची वांगी चिखलात आणि शेवटची गवार कोरडी. एप्रिलात ठिबक अंथरलं. चार फुटांवर 16 मिमीची नळी, 40 सेंमीवर ड्रीपर, ताशी 2 लिटरचा. क्षेत्र 505 चौरस मीटर, ड्रीपर हजाराच्या वर, म्हणजे तासाला दोन हजार लिटर. चौरस मीटरला एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे तासाला चार मिमी पडतं. सध्या पहाटे दीड तास चालवतो.

हा झाला हिशोब. रविवारी प्रत्यक्ष मोजलं. दहा ड्रीपरखाली वाट्या ठेवून सहा मिनिटं थांबलो. प्रत्येक वाटीत 200 मिली यायला हवं. पहिल्या ओळींत 190 च्या आसपास आलं, शेवटच्या दोन ओळींत जेमतेम 110! तिथली भेंडी खुजी का राहिली ते महिनाभर मला कळत नव्हतं, खत कमी पडतंय असं वाटत होतं. नळ्यांची टोकं उघडली तर पांढरा क्षार आणि गाळ. फिल्टरची जाळी धुतली, पाणी निवळेपर्यंत टोकं वाहू दिली. आता 165 येतंय. मंडळी, ठिबक असेल तर वाट्या लावून बघाच, नुसतं थेंब पडताना दिसणं पुरेसं नाही.

दुपारी काकडी आणि दोडका मान टाकतात. आधी मी लगेच मोटर सुरू करायचो. आता संध्याकाळपर्यंत थांबतो. पानं सावरली तर ते फक्त ऊन होतं. सकाळीही मलूल असली तरच तहान. खात्री करायला वीतभर खालची माती मुठीत दाबतो. गोळाच झाला नाही तर पाणी हवं, गोळा होऊन कमरेवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा, म्हणजे पुरेसा ओलावा आहे, त्या दिवशी मोटर बंद. या आठवड्यात असे दोन दिवस वाचले.

टोमॅटोच्या बुडाला काळे डाग आले होते. कधी भरपूर तर कधी काहीच नाही, अशा पाण्यानं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोज थोडं द्यायला लागल्यापासूनची नवी फळं स्वच्छ आहेत. मला या आठवड्यातला सगळ्यात मोठा आनंद त्याचाच झाला.

उसाचं पाचट चार बोटं जाड पसरलंय, खोडापासून थोडं लांब, कारण आमच्याकडे वाळवी लगेच धरते. पाचटाखालची माती दुपारीही हाताला गार लागते. मिरचीच्या दोन ओळी अजून उघड्या आहेत, पाचट संपलं. शनिवारी शेजारच्या उसाच्या खोडव्यातून आणखी दोन भारे आणतो आणि शेवटच्या ओळींना पुन्हा वाट्या लावतो.